गुलाबरावांचा नवतपा

गुलाबरावांचं खरं नाव आमच्या लेआउटमध्ये आता कोणाला सांगता यायचं नाही. ते फाटकाशेजारच्या पाटीवर कोरलेलं आहे. पण मार्च ते जून त्या पाटीवरून हिरवी शेडनेट ताणलेली असते, आणि पुढे जाळी निघते तेव्हा पाऊस लागलेला असतो. पावसात उभं राहून दुसऱ्याच्या पाट्या वाचणारा माणूस नागपुरात अजून जन्मायचा आहे. कुरिअरचा पोरगा 'ते गुलाबवाले काका कुठे राहतात' असंच विचारत येतो.

गुलाबाचा शौकीन म्हटलं की तलम सदरा, मनगटावर अत्तर, काजात कळी, तोंडी एखादा शेर असा रंगेल गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. गुलाबरावांकडे यातलं काहीही नाही. अंगात बंडी, पोटरीपर्यंत दुमडलेला पायजमा, डोक्याला ओला दुपट्टा आणि खिशात कांदा. कांदा जवळ बाळगला की ऊन लागत नाही यावर सगळ्या विदर्भाची श्रद्धा आहे. कुंड्यांना खिसे नसतात म्हणून, नाहीतर काकांनी झाडांनाही एकेक वाटला असता. उजव्या हाताची तर्जनी दोन पेरांपर्यंत बारमाही मातीची. मातीत बोट खुपसायचं, दोन पेरं खाली ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तर द्यायचं, हा त्यांचा नियम. नियम चांगला आहे. फक्त ते तो दुसऱ्याच्या कुंड्यांनाही लावतात. आमच्या तुळशीत, डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या मनीप्लांटमध्ये, एकदा तर लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजवरच्या भाड्याच्या पामच्या कुंडीत त्यांनी बोट घातलं आणि नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायच्या आधी डेकोरेशनवाल्याला शोधून काढलं.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर कालव्यांवर पाणीपाळ्या सांभाळल्या. त्यांच्या बैठकीत दोन फोटो आहेत. एक विश्वेश्वरय्यांचा. त्यांनी १९०३ साली खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे कसे बसवले, ही हकिगत पाहुण्याला पाणी देण्यापूर्वी होते. दुसरा डॉ. बी. पी. पाल यांचा. हे मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेऱ्याला दाद न देणारा गहू त्यांनी काढला, १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे महासंचालक झाले, आणि हे सगळं करता करता गुलाबाच्या नव्या जातीही काढल्या. 'दिल्ली प्रिन्सेस' त्यांचीच. ''दिल्लीचा उन्हाळा पाहिला का तुम्ही? तिथे त्या माणसाने नवे गुलाब काढले. आपल्याला तर फक्त जगवायचे आहेत,'' हे पाणी दिल्यानंतर.

जगवायचे आहेत, हे खरं. पण कधी? गुलाब लावायचा तर पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे थंडीत, हे नर्सरीतल्या पोरालाही ठाऊक असतं. थंडीभर मुळ्या पसरतात आणि चैत्रापर्यंत झाड आपल्या पायावर उभं राहतं. काका रोपं आणतात फेब्रुवारीच्या अखेरीला. प्रदर्शनं आटोपलेली असतात, नर्सरीवाले माल काढायच्या घाईत असतात. काळ्या पिशवीत लाल चिकणमातीचा गड्डा, त्यात गावठी खुंट, खुंटावर भरलेला डोळा, आणि डोळ्यातून फुटलेली वीतभर फांदी. एवढ्या भांडवलावर त्या रोपाने नागपूरच्या मे महिन्याला तोंड द्यायचं. २०१३ साली इथे मे महिन्यात पारा ४७.९ पर्यंत गेला होता. त्या दिवशी आम्ही सगळे दारं-खिडक्या लावून कूलरपुढे पडलो होतो. काका गच्चीवर थर्मामीटर घेऊन उभे होते, आणि त्यांचा चेहरा, खरं सांगायचं तर, प्रसन्न होता.

मार्चपासून त्यांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. पाणी ऊन चढायच्या आत गेलं पाहिजे आणि मुळापर्यंत गेलं पाहिजे. वरवर शिंपडलेलं पाणी मुळ्यांना वर बोलावतं, आणि वर आलेली मुळी पहिल्या तापल्या दुपारी भाजते, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की लेआउटमधली शाळकरी पोरं एकमेकांना ऐकवतात. नळी जोडली की पहिलं पाणी नालीत. रात्रीही नळी धगीवरच असते. आतलं पाणी ते आधी मनगटावर घेतात, मग झाडाला. जमिनीतली झाडं काळ्या मातीत. ही माती पावसात चिखल आणि उन्हात चिरफाळ्या. भेग पडली की त्यातून ऊन थेट मुळीपाशी जातं आणि बारीक मुळ्या तुटतात. म्हणून भेगा बुजवायच्या, आळ्यात शेणखत आणि रेती, वर भंडाऱ्याकडून आणवलेल्या तणसाचा चार बोटं थर. बुंध्याला मात्र तणस लागू द्यायचं नाही, वाळवी चढते. कुंड्या विटांवर, कारण स्लॅब तापतो. आणि एक कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत, मधल्या फटीत ओली रेती. ही शेवटची युक्ती खरोखर नामी आहे. बाहेरची कुंडी भाजते, आतली थंड राहते. आमच्या घरी पिण्याच्या पाण्याचा माठ मेमध्ये इतका गार नसतो.

दुपारी दोनला रोपं मान टाकतात. लेआउटमधला एखादा कनवाळू माणूस जाळीतून डोकावतो आणि ओरडतो, ''काका, वाळून राहिलेत हो तुमचे गुलाब! पाणी टाका!'' काका आतून खेकसतात, ''हात नका लावू! संध्याकाळी पहा!'' पानातून जितकं पाणी उडतं तितकं कोवळी मुळी पुरवू शकत नाही, म्हणून पान लोळतं. माती ओली असेल तर ऊन कलल्यावर ते आपोआप उठतं. सकाळीही उठलं नाही तर मात्र गडबड. हे शास्त्र काकांना पाठ आहे. तरी दोन ते सहा ते स्वतः झोपत नाहीत. खिडकीच्या फटीतून एकेका रोपाकडे बघत बसतात. साडेसहाला पहिलं पान ताठ झालं की काकूंना हाक जाते, ''उठलं! चहा टाका!''

आता काकूंबद्दल. या बाईने गुलाबांच्या घरात संसार केला आणि तिच्या केसात गुलाब कधी गेला नाही. कारण काका कळी ठेवतच नाहीत. नव्या रोपाने पहिल्या उन्हाळ्यात मुळं वाढवायची की फुलं काढायची, असा त्यांचा रोखठोक सवाल असतो. कळी हरभऱ्याएवढी दिसली की नखाने खुडायची. पान एकही तोडायचं नाही, पानांचीच खोडाला सावली. कळी मात्र गेली पाहिजे. 'ग्लॅडिएटर' असो, 'डबल डिलाइट' असो, महायुद्ध संपता संपता १९४५ साली जगभर नावाजला गेलेला 'पीस' असो, सगळ्यांची गत एकच. संकष्टीला काकू देवासाठी म्हणून एक कळी मागतात. काका म्हणतात, ''देवाला समजते.'' देवाला समजत असेल. काकू मात्र बर्डीच्या फूलबाजारातून गुलाब विकत आणतात. आणलेला गुलाब काका देवघरात उलटा करून पानांची मागची बाजू तपासतात. बाहेरची कीड घरात यायला नको.

एकदा काकूंनी चांगल्या मनाने कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी दोन कुंड्यांत ओतलं. पाणी वाया जाऊ नये, एवढाच विचार. काकांनी काही न बोलता त्यांना कूलरपाशी नेलं आणि वाळ्याच्या ताटीवर साचलेला पांढरा थर नखाने खरवडून दाखवला. बोअरचं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि टाकीच्या तळाचं पाणी म्हणजे निव्वळ क्षार. गुलाबाला क्षार सोसत नाहीत. पानांच्या कडा करपतात. नंतर त्यांनी त्या दोन्ही कुंड्यांत गोडं पाणी सोडून खालच्या भोकातून भरपूर वाहू दिलं, क्षार धुऊन काढले, आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. रजिस्टर आहे. कुंडीगणिक पान आहे. त्या दिवसाच्या 'कारण' या रकान्यात 'गृहखाते' असं लिहिलेलं मी वाचलंय.

पण कूलरची खरी गोष्ट २०१८ सालची. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. अधिक महिना म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण. मुलगी-जावई मुंबईहून आले, नेमके नवतप्यात. सूर्य रोहिणीत गेला की पंचवीस मेपासूनचे नऊ दिवस इथे लोक लग्नाची पत्रिका सोडून कशालाही हात लावत नाहीत. जावई बिचारा मुंबईचा, घामाला सरावलेला; पण इथे घाम यायच्या आत वाळतो हे त्याला माहीत नव्हतं. हॉलमध्ये पाटावर बसला, समोर चांदीच्या ताटात अनारसे, डोळ्यांत पाणी. ते आनंदाचं असावं असा काकूंचा समज झाला. कूलर सुरू होता, आवाजही येत होता. वारा काही येत नव्हता.

''काका, कूलर बिघडला का?'' मी विचारलं. (मला पंक्तीला बोलावलं होतं, ते बहुधा खुर्च्या उचलायला.)

''बिघडला कशाला? मस्त चालून राहिला.''

मी खिडकीपाशी गेलो. कूलर उलटा फिरवलेला होता. त्याचं तोंड अंगणाकडे होतं आणि समोर जाळीखाली त्या सालची सगळी नवी रोपं ओळीने मांडलेली. वाळ्याच्या वासाची ओली झुळूक त्यांच्या पानांवरून जात होती. काकूंनी ते पाहिलं. जावयासमोर काही बोलता येईना. त्या फक्त म्हणाल्या, ''बाळंतिणीची खोली तिकडे आहे होय? मग आमचे पाट पण तिकडेच मांडायचे होते.'' जावई खरोखरच सज्जन निघाला. ताट उचलून अंगणात गेला, जाळीखाली कुंड्यांच्या मधोमध बसला आणि दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या. काका त्याच्यावर इतके खूश झाले की त्याला वाढायच्या आधी त्याच्याकडून शेजारच्या कुंडीत बोट घालून घेतलं.

एप्रिलच्या शेवटी लाल कोळी येतो. ऊन आणि कोरडी हवा ही त्याची मोसमी मेजवानी. वरून पान फक्त निस्तेज, धुळकट वाटतं. धूळच असेल म्हणून माणूस सोडून देतो. काका सोडत नाहीत. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी पांढरी बाजू ते पानाखाली धरतात आणि पानाला वरून टिचकी मारतात. मग चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला, श्वास रोखलेला. कागदावर तांबडे ठिपके पडलेले असतात. धुळीचे ठिपके पडल्या जागी राहतात. हे हळूच निघतात, कडेकडे चालू लागतात. बोटाने पुसला की कागदावर तांबूस रेघ उमटते. मला त्या कागदाकडे पाहून शिसारी येते. काकांचे डोळे लकाकतात. ''सापडला!'' हा त्यांचा स्वर मी त्यांच्या नातवाच्या बारशातही ऐकला नाही. मग पहाटे नळीच्या तोंडाशी अंगठा धरून पानांच्या खालून पाण्याचे फवारे, तीन-चार दिवस रोज. औषध शक्यतो नाही. या दिवसांत खत तर मुळीच नाही. पलीकडच्या बंगल्यातल्या साहेबांनी एकदा आपल्या वाळक्या गुलाबाला ताकद यावी म्हणून मूठभर युरिया टाकला. काका रस्ता ओलांडून गेले, स्वतःच्या हाताने ती माती उकरून बाहेर काढली आणि म्हणाले, ''उपाशी माणूस उन्हात तग धरते साहेब. जेवून निघालेला पडते.'' साहेब मोठ्या हुद्द्यावरचे. पण त्या दिवसापासून जाळीसमोरून जाताना हॉर्न वाजवत नाहीत.

मे महिन्यात काका गाव सोडत नाहीत, हा नियम एकदाच मोडला. पुण्याला पुतणीचं लग्न होतं आणि कन्यादानाला काकाच हवे होते. जायच्या आदल्या रात्री ते माझ्याकडे एक फाइल घेऊन आले. वर लिहिलं होतं : 'उन्हाळी आवर्तन पत्रक'. आत रकाने. कुंडी क्रमांक, जात, वेळ, मात्रा, शेरा. मात्रा लिटरमध्ये. जमिनीतल्या झाडांशेजारी त्यांनी मडकी पुरून ठेवली होती. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपतं, मुळं आपल्याला हवं तेवढं घेतात. ती मडकी मी एक दिवसाआड भरायची. झाकणं ठेवायची, नाहीतर डास. पत्रकाखाली तीन सह्यांची जागा : पाटकरी, कालवा निरीक्षक, उपविभागीय अधिकारी. पाटकरी मी. उरलेल्या दोन्ही सह्या त्यांनी आधीच करून ठेवल्या होत्या.

गाडी सुटली. वर्ध्याला फोन. ''सात नंबर उठला का?'' उठला. बडनेऱ्याला फोन. ''बोट घातलं का?'' घातलं. ''कोणतं?'' अकोल्याला त्यांना शेगावच्या बाजूने ढग दिसले आणि सगळ्या मात्रा पाव लिटरने कमी करायचा हुकूम आला. भुसावळला तो रद्द झाला. मनमाडला रात्री त्यांनी मला उठवून विचारलं की मी झोपलो होतो का. लग्नात कन्यादानाच्या वेळी त्यांचा फोन आला नाही, त्यामुळे मीच काळजीत पडलो. नंतर काकूंकडून कळलं की अंतरपाट धरलेला असताना ते मांडवाचं कापड बोटांत चुरगाळून बघत होते. विणीतून किती ऊन आत येतं याचा अंदाज घेत होते. पन्नास टक्के अडवायला हवं. त्याहून दाट सावली झाली तर रोप लुकडं होतं. मांडववाल्याकडून त्यांनी उरलेलं कापड विकत घेतलं आणि परतीच्या प्रवासात वरच्या बर्थवर त्याचं गाठोडं झोपलं, काका खाली बसले.

जूनच्या मध्याला पाऊस येतो. सगळं नागपूर गच्च्यांवर नाचतं. गुलाबराव जाळी सोडतात, घड्या घालतात, विटा रचतात, रजिस्टर बंद करतात आणि दोन-तीन दिवस घरात उगाच भांडतात. चहा कडू लागतो, पेपर शिळा लागतो. मग आर्द्रात एखाद्या पानावर काळा ठिपका पडतो. पिवळी कड, मध्ये काळं, अगदी पुस्तकातल्यासारखा. त्या दिवशी काका पुन्हा पहाटे साडेचारला उठतात.

दिवाळीपर्यंत वाचलेली रोपं कमरेएवढी होतात, आणि मग ती वाटली जातात. कोणी मागावं लागत नाही. सकाळी दार उघडलं की कुंडी उभी असते, गळ्यात चिठ्ठी : 'ग्लॅडिएटर. पाणी बेताने.' त्यामुळे डिसेंबरात आमच्या लेआउटमधून चालत गेलं तर घरोघर गुलाब. कुंपणावर 'क्वीन एलिझाबेथ', साहेबांच्या फाटकाशी तोच 'पीस', पिवळा, गुलाबी कडांचा, हाताच्या पंजाएवढा. फक्त काकांच्या अंगणात रिकाम्या कुंड्या उलट्या घालून ठेवलेल्या. संध्याकाळी ते फेरफटका मारतात तेव्हा आम्ही आवर्जून फूल दाखवतो. ते फुलाकडे बघतात, बिघडलेलं काही नाही हे लक्षात येतं, आणि पुढे निघतात.

या फेब्रुवारीत ते मला नर्सरीत घेऊन गेले, गाडी माझी म्हणून. नर्सरीवाल्याने काकांना पाहताच मागच्या शेडकडे आवाज दिला. मी तोवर पुढच्या रांगेतलं एक रोप उचललं होतं. तीन जाड फुटवे, तांबूस तुकतुकीत पालवी, डोळ्याचा जोड घट्ट, पिशवीच्या बुडातून पांढरी मुळी डोकावत होती. काकांनी ते माझ्या हातातून घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं, खुंट चाचपला आणि परत रांगेत ठेवून दिलं.

''का हो काका? चांगलं आहे की.''

''हे तर वाचूनच जाईन,'' काका म्हणाले, ''याला मी कशाला पाहिजे?'' आणि मागच्या शेडमधून पोराने आणलेल्या क्रेटमधली सुकलेली रोपं एकेक करून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर, सावलीच्या बाजूला, लावायला लागले.